आप्पांनी माघारी घेतलेला भंडारा

बिभीषण आप्पांची जीप मी किती वर्षं चालवली, पण हा माणूस सीटला पाठ टेकून बसलेला कधी पाहिला नाही. मेंढपाळाचा मुलगा आमदार झाला तरी पाय वाटेलाच लागलेले. तो दुष्काळाचा काळ. शहर शेंद्र्याकडं, बिडकीनकडं वाढत सुटलं होतं. नव्या इमारतींच्या स्लॅबवर पाणी मारलं जायचं आणि पिशोरकडच्या वस्त्या टँकरची वाट बघत बसायच्या. टँकरही कुणाला? ज्या बूथवर मतं पडली त्यांना. बूथवार आकडे कळतातच, त्यामुळे कोण कुणाचं हे लपत नाही.

आप्पांना हेच खुपायचं. निदान जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत तरी सगळ्या बूथची मतं मिसळून मोजा, म्हणून त्यांनी विधानसभेत विधेयक आणलं. पहिल्यांदा ते चर्चेलाच आलं नाही, दुसऱ्यांदा हसण्यावारी गेलं. एका मंत्र्यानं म्हणे विचारलं, मग आमची माणसं आम्ही ओळखायची कशी? आप्पा मुंबईहून आले ते धुमसतच. पुन्हा निवडून यायचं आणि विधेयक परत मांडायचं, याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रचार संपत आला तेव्हा कळलं, की कारभारी नावाचा त्यांचाच कार्यकर्ता आप्पांच्या जन्मवस्तीवर घरोघर भंडारा उचलायला लावतोय. बिरोबाची हळद मुठीत घेऊन मताचा शब्द द्यायचा. मग तो मोडायची कुणाची छाती होत नाही. मी म्हटलं, राहू द्या आप्पा, आपलीच तर माणसं आहेत. तर माझ्यावरच उखडले आणि जीप तिकडं वळवायला लावली.

वस्तीवर त्यांनी प्रत्येक घरातला तो भंडारा आपल्या उपरण्यात माघारी घेतला. "शब्दातून तुमी मोकळे. ज्याला वाटंल त्याला मत द्या," म्हणाले. एकेक जण रिकामी मूठ झटकून घरात गेला. मला ते आवडलं नव्हतं, आप्पा मात्र खुशीत होते. एवढ्या शहाण्या माणसाला आपल्याच लोकांचं मन कळू नये, याचा मला अजून राग येतो.

आप्पा थोडक्यात पडले. जन्मवस्तीच्या बूथवर त्यांना एकही मत नव्हतं. सरकारी ठेक्यावरचा टँकर कारभाऱ्याचाच. त्यानं आकडा पाहिला आणि वस्तीचं पाणी बंद केलं. आप्पांनी जाऊन त्याची गचांडी धरली, टँकर भरून घेतला, मला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी चढले.

वस्तीवर बाया हंडे घेऊन लांबच थांबल्या. पुढं आली ती फक्त आप्पांची थोरली बहीण, बानाबाई. पाइप आप्पांच्या हातात होता. विचारू नये ते त्यांनी विचारलंच.

"आक्का, तू बी नाय दिलंस?"

"भंडारा तू माघारी नेलास. आमाला वाटलं, याला आता आपलं मत नको. नको म्हणणाऱ्याच्या पदरात बळंच कसं टाकायचं?" बानाबाई रडत होती. "लई वाईट वाटलं रं, बटन दाबताना."

आप्पा पाइप तसाच धरून म्हणाले, "मतं मिसळून मोजली असती, तर हे मला कधी कळलंच नसतं."

"मंग बरं झालं असतं की," बानाबाई म्हणाली, आणि तिनं हंडा पाइपाखाली सरकवला.