बोलिव्हियात मुलाचं घर बघायला

विमान उतरतं म्हणजे खाली येतं, ही माझी इतक्या वर्षांची समजूत. एल आल्तोच्या विमानतळाने ती मोडीत काढली. महाबळेश्वरच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर आमचं विमान टेकलं. आंबेनळी घाट बसने कितीदा चढलोय, तेव्हा फक्त कान बंद होतात. इथे दहा पावलं चाललो आणि छातीचा भाता झाला.

"बाबा, हळू! इथे हवा विरळ आहे," मृणाल म्हणाली. ही आमची एकुलती एक. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीनंतर ती जर्मनीत शिकायला गेली, तिथे दिएगो भेटला आणि आता दोघं त्याच्या देशात, ला पाझला नोकरी करतात. लग्न ठरवलंय म्हणाली. पण मुलाचं घर बघितल्याशिवाय आमच्याकडे होकार देत नाहीत, म्हणून मी आणि बायको सुमन निघालो. खरं सांगतो, नकार मी पोलादपूरहूनच बांधून आणला होता. एवढ्या लांब मुलगी द्यायची नाही, बस्स.

विमानतळावर कोकाचा चहा मिळाला. हिरवी पानं, गरम पाणी, साखर. चव वाळलेल्या गवताची, पण डोकं थाऱ्यावर आलं.

एल आल्तो पठारावर आणि ला पाझ खाली खोलगट दरीत. मधला प्रवास तेलेफेरिकोने (रोपवेने). आपल्याकडे रोपवेने रायगड बघायला जातात, हे लोक कामावर जातात! समोरच्या बाईच्या डोक्यावर गोल काळी हॅट, कमरेला घेरदार परकर आणि मांडीवर गाजरांची पिशवी. समोर इयिमानी नावाचा बर्फाचा डोंगर. सुमनने त्याला हात जोडले.

दिएगो वाटेत देशाची माहिती देत होता, मृणाल मराठीत सांगत होती. कागदोपत्री राजधानी सुक्रे, पण सरकार ला पाझमध्ये. जमिनीच्या पोटात नैसर्गिक वायू, कथील, चांदी. समुद्र मात्र नाही, किनारा फार पूर्वी चिलीबरोबरच्या युद्धात गेला. तरी आरमार आहे, ते तितिकाका सरोवरात असतं!

"समुद्र नाय नि आरमार हाय? जिद्दीची माणसं दिसतात," सुमन म्हणाली. मला तिचा तो कौतुकाचा सूर आवडला नाही.

दोन दिवसांनी उयुनीच्या मिठाच्या मैदानावर गेलो. नजर पोचेल तिथवर पांढरं मीठ. मी काळा चष्मा ला पाझला विसरलो आणि डोळ्यांतून धारा लागल्या. सुमनने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून खात्री केली. या मिठाखालच्या पाण्यात लिथियम आहे, बॅटऱ्यांसाठी सगळ्या जगाचा त्यावर डोळा. मृणाल आणि दिएगोचं काम त्याचंच. मुलात खोट काढायला मला जागा सापडेना.

शेवटी घर. दिएगोला वडील नाहीत. आई मार्ताबाई, बाजारात बटाटे विकतात. आम्ही साडी आणि पेढे त्यांच्या हातात दिले, तर त्यांनी एकदा साडीकडे आणि एकदा दिएगोकडे बघितलं. माझं भांड्यांचं दुकान, त्यामुळे मी आधी भांडी बघितली. मोठा जाड कुकर होता. या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण अन्न लवकर शिजत नाही, म्हणून कुकर हवाच. सुमन थेट साठवणीच्या खोलीत शिरली. पोत्यांतून काळे-पांढरे खडे. ते चुन्यो (थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेले बटाटे), वर्षानुवर्षं टिकतात.

"अहो, ही यांची आगोट (पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचा साठा) हाय! या घरात कोण उपाशी ऱ्हायचा नाय."

आम्ही एकेक वस्तू बघत होतो आणि मार्ताबाईंचा चेहरा उतरत होता. शेंगदाण्याचं सूप वाढताना त्यांचा बांध फुटला. रडत त्यांनी मृणालला काहीतरी विचारलं.

मृणाल गोंधळली. "बाबा, त्या विचारतायत, दिएगोला कधी नेणार?"

त्यांच्याकडे मुलाची माणसं मुलीच्या घरी जाऊन मागणी घालतात. इथे आम्हीच कपडे आणि गोडधोड घेऊन दारात उभे! आम्ही त्यांचा एकुलता मुलगा मागायला आलोय, अशी बाईंची समजूत. मला हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं. मी ज्याला घाबरत होतो, त्यालाच त्या घाबरत होत्या.

सुमन उठली, त्यांना जवळ घेतलं. "रडू नको गो बाय. तुझा पोरगा नाय न्यायचा आम्हाला. आमची पोर तुला द्यायला आलोय."

मृणालने ते लगेच स्पॅनिशमध्ये सांगितलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली, तेव्हा तिने सांगितलं. मग मार्ताबाईंनी स्वतःच्या हाताने मला पेढा भरवला आणि सूप गार होईपर्यंत सगळे हसत-रडत राहिले.

परतीच्या प्रवासात सुमन छान बोलत होती, चुन्योचं, रोपवेचं, आरमाराचं. मुंबईहून गाडीने पोलादपूरकडे येताना महाड मागे पडलं, तेव्हा मी विचारलंच, "मला न विचारता होकार कसा दिलास?"

"ती रडत व्हती ना," सुमन म्हणाली. "दोघींनी कशाला रडायचं?"

आणि तिने खिडकीकडे तोंड वळवलं, ते घर येईपर्यंत माझ्याकडे फिरवलं नाही.