दुर्गाचा डावा गाल

दुर्गाचं आरशाशी फारसं पटत नसे. मोबाईलशी मात्र तिचं पटलं होतं, कारण तो तिचं ऐकायचा.

दिघोरीच्या तलावात मासे धरणाऱ्या घरची ही मुलगी. वयात आली न आली तोच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात उभी राहिली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक होतं, आणि नाटकाला नायिका लागते. बरीच वर्षं ती नायिका दुर्गा होती. लग्न करायचं राहून गेलं. मेलेल्या बहिणीची मुलगी रुचिता तिने वाढवली, तेवढाच तिचा संसार.

पूर्वी गावच्या नाटकमंडळाची माणसं नाटककंपन्यांच्या वडशाला येऊन नटी समोर पाहून ठरवत. मग हातोहाती मोबाईल आले आणि फोटोवर ठरवाठरवी होऊ लागली. चाळिशी उलटलेल्या दुर्गाच्या हे पथ्यावर पडलं. स्वतःचा फोटो काढायची विद्या तिने चिकाटीने मिळवली. ऊन चढायच्या आत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायचं. पाण्यावरून येणारा उजेड मऊ असतो, डोळ्यांखालचं काळं झाकतो. भिंग पदराने पुसायचं. मोबाईल कपाळाच्या वर धरायचा, हनुवटी खाली, डावा गाल पुढे. कारण उजवीकडचा दात पडलेला. ओठ मिटून हसायचं. आणि पडद्यावर स्वतःला बघत बसायचं नाही, वरच्या बारीक भिंगात बघायचं, नाहीतर नजर भलतीकडेच उतरते. रुचिता समोर स्टीलची थाळी धरून उभी राही. थाळीचा उजेड मावशीच्या गळ्यावरच्या वळ्या पुसून टाकी.

"मावशी, हात दुखून राहिले माये."

"धर चुपचाप. नट्टापट्टा तुले नाही, मले करायचा आहे."

झाडीपट्टीत एक रीत कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. नटी एकदा आईच्या भूमिकेत उभी राहिली की तिला पुन्हा नायिका कोणी देत नाही. दुर्गाच्या बरोबरीची सत्यभामाबाई एका अडलेल्या मंडळासाठी एकदाच आई झाली, ती आजतागायत आईच आहे. म्हणून दुर्गा आईच्या भूमिकेचं नाव काढू देत नसे. त्या वर्षी तिला कोणी विचारेना. शेवटी आंधळगावच्या मंडळाचा सेक्रेटरी विनोद याने फोटो पाहून होकार कळवला. नायक तो स्वतःच होता.

मंडईच्या दिवशी दुपारी दोघी आंधळगावात बसमधून उतरल्या. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर पुरुषभर उंचीचा दुर्गाचा डावा गाल. खाली विनोद आणि मंडळाचे अध्यक्ष भैय्यालाल वाट बघत उभे. विनोद दुर्गाला ओलांडून थेट रुचितापाशी गेला.

"या दुर्गाजी! तरास नाही ना झाला? अन् ह्या आई का तुमच्या?"

रुचिताने ओढणी तोंडाला लावली. "दुर्गाजी ह्या आहेत."

विनोदने फ्लेक्सकडे पाहिलं, मग दुर्गाकडे, मग पुन्हा फ्लेक्सकडे.

"काकाजी, हे काय होऊन राहिलं? हिच्या गळ्यात हात टाकून मी गाणं म्हणू? पोट्टे खुर्च्या फेकतीन."

"खुर्च्या कायले फेकतीन? म्हणतीन, विन्या मायले घेऊन नाचून राहिला!" भैय्यालाल म्हणाला. चहाच्या टपरीवरची माणसं खदखदून हसली.

"रंग लावला की फरक पडते," दुर्गा घाईने म्हणाली. घाईत ओठ मिटायचे राहिले.

"दातले बी रंग लावता का बाई?" विनोद म्हणाला.

पुन्हा हशा. भैय्यालाल रुचिताकडे वळला. "पोरी, तुले काही येते का?"

होकार आल्यापासून रुचितानेच समोर बसून मावशीचं पाठांतर घेतलं होतं. ती नाही म्हणेल, असं दुर्गाला अजून वाटत होतं.

"सगळं पाठ आहे मले," रुचिता विनोदकडे वळून म्हणाली. "मावशीचं बी, अन् तुमचं बी."

"झालं मग! बाई, तुम्ही आई करा. आमचा बुधराम लुगडं नेसणार होता, त्याची मिशी वाचली."

"मी आई करत नाही. मी घरी जातो."

"जा ना. पोरीले ठेवून जा."

तरणी पोर परगावात रात्रभर कोणाच्या भरवशावर ठेवायची? दुर्गा जागची हलली नाही. रुचिता तिच्या कानाशी आली. "तमाशा नको करू मावशी. कधी ना कधी व्हायचंच होतं."

ऊन कलल्यावर विनोदला नव्या नायिकेबरोबर सेल्फी हवा झाला. फ्लेक्सवरचं तोंड तर आता बदलता येत नव्हतं, निदान गावाच्या ग्रुपवर तरी खरं तोंड जाऊ दे म्हणाला. रुचिताने मोबाईल कपाळाच्या वर धरला, हनुवटी खाली घेतली. मग थांबली.

"मावशी, टपरीवरचा तो ट्रे धरतं का जरा? सावली पडून राहिली."

दुर्गाने ट्रे धरला. सवयीने तिने तो किंचित तिरपा केला, आणि पोरीच्या तोंडावर उजेड सांडला. रुचिता सगळे दात दाखवून हसली.

नाटकात आई दुसऱ्याच प्रवेशात मेली. कोणाला फारसं वाईट वाटलं नाही.

मंडईचा हंगाम सरायच्या आत नाकाडोंगरीच्या मंडळाचा फोन आला. काम आहे म्हणाले. दुर्गा तेव्हा पाळीवरच उभी होती, डावा गाल पाण्याकडे करून.

"फोटो पाठवतो ना भाऊ, आत्ताच काढला."

"आईच्या कामाले फोटो कायले पायजे बाई?" पलीकडचा म्हणाला. "तुमच्या पोरीचा पाठवा."