फोटोबाहेरचा नट

चूक माझीच होती. परवा नाटक संपल्यावर मी रंगपटात गेलो, नायकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो आणि फोटो काढायला फोन दिला तो विनायकच्या हातात. विनायक माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच नाटकात तो एका मुलीचा मामा झाला होता, चेहऱ्यावरचा रंगही अजून पुसला नव्हता.

काल टीव्हीवर एक जुना अमेरिकन सिनेमा लागला होता. त्यातला म्हातारा न्यायाधीश दिसताच बायको म्हणाली, "अहो, हाच मागे पोस्टमन झाला होता ना?" झाला होता. कधी पाद्री, कधी हॉटेलवालाही. त्याआधी म्हणे वर्षानुवर्षं रंगभूमीवर होता. चेहरा इतका ओळखीचा, पण नाव आम्हा दोघांनाही आठवेना. नायक रडत होता आणि हा नुसता ऐकत होता. तो तसा ऐकत होता म्हणूनच ते रडणं खरं वाटत होतं. नाटकात विनायकने केलेला मामाही भाचीचं असंच ऐकतो.

सकाळी त्याला फोन केला.

"बोला साहेब, फोटोग्राफर हवाय का?" तो हसला.

मला हसता आलं नाही. म्हटलं, "विन्या, तुझा मामा फार चांगला झाला होता. ते सांगायचं सोडून मी तुझ्या हातात फोन दिला. चुकलो रे. माफ कर."