दत्ताच्या घराला आम्ही केलेली मदत

कुणाच्या घरी लग्न निघालं की त्याचे दोन-चार किस्से होतात. कुणाचं घर जळालं की घरवाल्याचा किस्सा एकच असतो, मदतीला धावणाऱ्यांचे मात्र ढीग लागतात. कुरुंद्यात रशीदभाईच्या पंक्चरच्या दुकानापुढे आमची रोजची बैठक. मी, बळीराम, रशीदभाई आणि दत्ता. यंदा ऐन हळद काढणीच्या दिवसांत दत्ताचं घर जळालं आणि आम्ही तिघांनी त्याला मदत केली. हे किस्से सांगताना आम्ही हसतो खरं, पण दत्ता येताना दिसला की विषय बदलतो.

*

आग लागली तेव्हा दत्ता, सुमनवहिनी आणि त्यांची मुलगी मीरा शेतात हळद शिजवत होते. घराला कुलूप होतं. कूलरच्या वायरीनं पेट घेतला म्हणतात. आम्ही बादल्या घेऊन पळालो, वसमतहून बंब बोलावला. तो येईपर्यंत भिंती तेवढ्या उरल्या होत्या. या गडबडीतही बळीरामनं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला, खाली जोडलेले हात.

मग दत्ता धावत आला. त्याला फोन कुणी केला होता? कुणीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केला असेल.

"मंग तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"बळीरामचं स्टेटस पाहिलं," दत्ता म्हणाला. "आधी वाटलं, कुण्या बिचाऱ्याचं घर हाय."

*

दत्ता, वहिनी आणि मीरा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. दत्ताला घोर वेगळाच होता.

"घर बांधता येईल रे. पण शिरड शहापूरचे पाव्हणे मीराला पाहायला येऊन राहिले. चांगलं स्थळ हाय. गोठ्याशेजारी पोरगी दाखवू का मी?"

"आमी हाव ना," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो. त्या क्षणी आम्हाला आमचंच फार कौतुक वाटलं.

*

आमच्याकडे संकटातल्या माणसाला भेटायला जायची रीत आहे. आणि भेटायला आलेल्याला चहा पाजल्याशिवाय उठू न द्यायचीही रीत आहे. त्यामुळे घर जळाल्यापासून वहिनी दिवसभर चुलीपुढेच. आम्हीही रोज जायचो, धीर द्यायला.

एकदा बळीराम म्हणाला, "वहिनी, मला शुगर हाय. माझा वेगळा ठेवा."

वहिनींकडे पातेलं एकच होतं. त्यांनी आमचा चहा गाळला, पातेलं राखेनं घासलं आणि त्याचा बिनसाखरेचा ठेवला. आम्ही शांतपणे बघत बसलो होतो.

परत येताना रशीदभाई म्हणाला, "यारो, कल से घर से चाय पीके आयेंगे."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरून चहा पिऊन गेलो. तिथंही प्यालो.

*

गावानं कपडे दिले. उन्हाळ्याच्या तोंडावर स्वेटर आले, चेन तुटलेल्या पँटी आल्या, कुणाच्या तरी लग्नातली शेरवानी आली. बळीरामनं आपला जुना सफारी दिला. बाकी काही अंगाला येईना म्हणून दत्ता तोच घालून जळालेल्या घरापुढे उभा राहिला.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं त्याला लांबूनच नमस्कार घातला. "साहेब, तुम्ही आधीच पोचलात? घर कुणाचं आहे?"

"माझंच हाय," दत्ता म्हणाला.

त्या माणसानं आधी सफारीकडे बघितलं, मग घराकडे. आम्ही बळीरामकडे बघितलं.

*

आता भांड्यांचं. त्या एका पातेल्याची लाज वाटून मी घरून भांडी न्यायचं ठरवलं. माझे वडील लिंबाजी गेले तेव्हा तेराव्याला आम्ही स्टीलच्या वाट्या वाटल्या होत्या. 'कै. लिंबाजी यांच्या स्मरणार्थ' असं त्यांवर कोरलेलं. उरलेल्या माळ्यावर पडून होत्या, कारण असल्या वाट्या चांगल्या कामाला कुणी काढत नाही. बायको म्हणाली, "त्या काहून देऊन राहिले?"

"स्टीलच हाय की," मी म्हणालो. चांगल्या वाट्या फडताळात होत्या. त्या मी दिल्या नाहीत, हेही सांगून टाकतो.

पाव्हणे आले. रशीदभाईनं सतरंजी आणली, बळीरामनं गोठ्यापुढे पडदा लावला. वहिनींनी शिरा केला आणि माझ्याच वाट्यांतून पुढे ठेवला. दुसऱ्या होत्याच कुठे? मुलाच्या आजीनं वाटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्यानं वाचलं, "कै. लिंबाजी यांच्या स्मरणार्थ."

सगळ्यांचे हात थांबले. पोरगी बघायला आलेल्यांना तेराव्याच्या वाटीत गोड! दत्ता खाली मान घालून बसला. मीरा दारातच थबकली. मी पडद्याजवळ उभा होतो, पलीकडे गोठ्यात जाऊन बसावंसं वाटलं.

"हे कोण तुमचे?" आजीनं विचारलं.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्या घरातले थोरले. आमच्यात शुभ कामाला पहिलं गोड थोरल्यांच्या वाटीत देत असतात. त्यांचा आशीर्वाद लागतो."

आजीनं वाटी कपाळाला लावली आणि शिरा खाल्ला. मग सगळ्यांनीच खाल्ला. तिथंच सुपारी फुटली.

चार दिवसांनी वहिनी वाट्या परत द्यायला आमच्या घरी आल्या. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून प्रत्येक वाटीत नव्या हळदीची पूड होती. मला त्यांच्याकडे बघवेना. बायकोनं वाट्या मोजल्या.

"एक कमी हाय वहिनी," ती म्हणाली.

"ती राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पाव्हणे पुन्हा आले की थोरल्यांचं विचारतील ना, भाऊजी."