चौकटीवरचं ‘हव’

जवळ ये ग, मनातल्या मनात का होईना, अशी माझ्या शेजारी बस. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि तिकडे तुझी बोटं कीबोर्डवर चालूच असतात, मले ऐकू येतं ते. परवा काय म्हणालीस, "पॉपअपची चौकट बनवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम." काहून असं बोलते तू? चौकट दहा मिनिटांत उघडते, बाई. पण ती कोणापुढे उघडते, त्याच्या हाताला काय सवय आहे, हे समजायला मले तीन महिने आणि एक शुक्रवार लागला. तो शुक्रवार लिहून राहिले आहे, नीट वाच.

तेव्हा आमचं राज्य नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या पाटीवर ‘कंप्यूटराइज्ड’ लिहिलेलं दिसायला लागलं. मी बूढ़ापारा मोहल्ल्यात हिंदी टायपिंग शिकवायची. पोट्ट्या यायच्या बंद झाल्या, मशीनींवर धूळ बसली. मग मी वेब पेज बनवायचं एक जाड, जुनं पुस्तक आणलं, इंग्रजीतलं. एक ओळ वाचायची, तीन शब्द डिक्शनरीत बघायचे, मग कंप्यूटरवर करून बघायचं. तुझे काका म्हणायचे, "परीक्षा कधी आहे?" मी म्हणायची, "रोजच आहे."

समता कॉलनीत लहान मुलांचा एक दवाखाना होता. तिथली कागदपत्रं टाइप करायला मी जायची. महिन्यातून एका शनिवारी नागपूरहून हृदयाचे डॉक्टर यायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. कोणत्या बाळाला आधी दाखवायचं हे आमचे डॉक्टरसाहेब एकेकाला तपासून ठरवायचे. तो क्रम, वजन, औषध, सगळं एका रजिस्टरात असायचं. कारभार त्यांच्या मिसेस बघायच्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मीच मॅडमच्या मागे लागले, रजिस्टर सोडा, मी कंप्यूटरवर पान बनवून देते. आणि बनवल्यावर, काय सांगू तुले, रजिस्टर बंदच करायला लावलं. दोन ठिकाणी कशाला लिहायचं, असा माझा तोरा.

यादीतून नाव काढायचं तर ‘खरंच काढू का’ असं कंप्यूटरने एकदा विचारायला पाहिजे ना. तयार चौकट होती, पण ती करडी आणि इंग्रजीतली. ती आली की दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी पोरगी घाबरून हात मागे घ्यायची. म्हणून मी स्वतःची बनवायला घेतली. पहिली पानाच्या मागेच उघडली. दुसरी पान सरकवलं की वर निघून जायची. तिसऱ्या वेळी मागचं पान झाकायला टाकलेला काळसर पडदा चौकटीवरच पडला, बटण दिसतंय पण दाबता येत नाही. चौथी जमली. मधोमध, गोल कोपऱ्यांची, खाली दोन बटणं: ‘हव’ आणि ‘नई’, म्हणजे हो आणि नाही.

ती पोरगी छत्तीसगढी. बघून हसली, "दीदी, ये तो अपने घर जैसा बोलता है." मी फुगले. तिला माउस धरायचा कंटाळा, म्हणून उघडल्याबरोबर ‘हव’वरच निवड येईल असं केलं. नुसतं एंटर दाबलं की झालं.

तू पुण्यात राहतेस, तुले कदाचित आठवणार नाही. आमच्याकडे कोणी बोलायला लागलं की समोरचा अर्ध्या वाक्यातच ‘हव’ म्हणतो. पुढे काय सांगणार आहेत ते अजून कानावर पडलेलं नसतं. थोरांशी बोलायची रीतच आहे ती, मीही तशीच बोलते. आणि हे माहीत असून मी तो शब्द बटणावर लिहिला.

त्या शुक्रवारी दुपारी एका आईचा फोन आला, पोराला ताप आहे, उद्याचं नाव काढा. पोरगी नाव काढायला गेली. एक नाव काढायचं बटण आणि सगळी यादी काढायचं बटण मी शेजारी-शेजारी ठेवलं होतं, दुसरं दाबल्या गेलं. चौकट आली, ‘पूरी लिस्ट हटा दें?’ तेवढ्यात काउंटरवरून कोणी म्हणालं, "बहन, पर्ची बना दो." ती त्याला "हव" म्हणाली आणि बोटानेही एंटर दाबलं.

मले फोन. "दीदी, लिस्ट नइ दिखत हे."

मी घरच्या चपलांवरच रिक्षात बसले. बघते तर पान कोरं. बावीस लेकरं, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे डॉक्टर. मॅडम आवाज चढवणाऱ्यातल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ताई, जगदलपूरची ती बाई निघाली असेल. सहा महिन्यांचं बाळ, दूध पिताना धापा टाकतं. त्याला पहिलं दाखवायचं होतं. बाकीच्यांचा क्रम कोणाला पाठ आहे?" रजिस्टरचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं मले.

मी माझंच लिहिलेलं उघडलं, पुसायचं काम कुठे आणि कसं केलं आहे ते तरी बघू म्हणून. तर तिथं माझीच मराठीत टीप: ‘पुसू नको, बाजूला ठेव. कधी लागेल सांगता येत नाही.’

पुस्तकात साफ पुसायचं शिकवलं होतं. पण मी श्रीखंडाचा रिकामा डबा फेकत नाही, माणसाचं नाव कशी फेकणार. मी नुसती प्रत्येक नावाला एक खूण लावत होते, की हे आता दाखवू नको. आणि ते लिहून विसरून गेले होते. त्या दिवशी लागलेल्या खुणा काढल्या, पान पुन्हा उघडलं. बावीसच्या बावीस आले. सगळ्यात वर जगदलपूरचं बाळ.

मी मॅडमना ती टीप आणि डब्यांचं सांगितलं, तशा त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "ताई, घरी रिकामे डबे किती आहेत तुमच्या?"

"मोजले नाहीत."

"मोजू नका. राहू द्या."

पोरगी फायलींच्या कपाटामागे रडून राहिली होती. "गलती मेरी है, दीदी." मी तिला बाहेर काढलं. म्हटलं, तुझ्या तोंडाला जी सवय आहे तीच मी तुझ्या बोटाखाली ठेवली, तर चूक तुझी कशी? चहा आला. इतका गोड चहा मी कधी पीत नाही, त्या दिवशी दोन कप प्यायले.

चहा झाल्यावर तिथंच बसून चौकट बदलली. ‘हव’ काढलं, ‘नई’ काढलं. जे होणार तेच बटणावर लिहिलं: ‘पूरी लिस्ट हटाओ’ आणि ‘लिस्ट रहने दो’. निवड दुसऱ्यावर. चुकून एंटर दाबलं, एस्केप दाबलं, चौकटीबाहेर कुठे माउस लागला, तरी यादी राहणार. यादी काढायचं बटण पार खाली नेलं. आणि रजिस्टर पुन्हा सुरू करा, असं मीच मॅडमना सांगितलं.

शनिवारी बाळ पहिलं गेलं. बाहेर आल्यावर आईचा चेहराच सांगून राहिला होता. औषध चालू ठेवा, ऑपरेशनची घाई नाही, दोन महिन्यांनी दाखवा, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते. काउंटरवर पोरगी तिला पुढची तारीख देत होती. चौकट आली. पोरगीने प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली, ‘इस बच्चे को अगले...’ आणि तेवढ्यातच ती आई म्हणाली, "हव."

पोरगीने माझ्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि वाक्य शेवटपर्यंत वाचूनच बटण दाबलं.

हे असं काउंटरच्या मागे उभं राहून बघावं लागतं, बाई. तू ये लवकर. सरळ रायपूरची गाडी घे आणि चार दिवस तरी राहा. दवाखान्यात मी आता फक्त बुधवारी जाते, तुले सोबत नेईन. बाकीचे दिवस मी घरीच असते.