दीड मामा

मी शंभर किलो वजन आयुष्यात एकदाच उचललं आहे आणि त्याचा नऊ सेकंदांचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. नागपुरात धरमपेठेतल्या जिममध्ये काढलेला तो व्हिडिओ मी भाजीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांना दाखवला. (एजंटानं तो पाहून लगेच मेडिक्लेमचा विषय काढला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) माझ्या भाचीला, मयूरीला तो दाखवला ही मात्र चूक झाली. तिनं तो दोनदा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "मामा, पाठ गोल होऊन राहिली तुमची. पंच असता तर धरलाच नसता हा."

मयूरी ही माझ्या ताईची मुलगी. स्वतःचं वजन बासष्ट किलो आणि वजन उचलण्याच्या स्पर्धांत जमिनीवरून बार उचलते एकशे तीस किलोचा. तिच्या मते ताकद नुसत्या किलोत मोजायची नसते, आपल्या अंगाच्या किती पट उचललं त्यात मोजायची. तिचं दुपटीच्या वर. माझं, चौऱ्याऐंशी किलोच्या देहाला, सव्वापटसुद्धा भरत नव्हतं. शिवाय बार वर आला म्हणजे संपलं, असंही नाही. ताठ उभं राहायचं आणि पंचानं खाली ठेवायची खूण करेपर्यंत धरून ठेवायचा. मी खुणेची वाट पाहिली नव्हती. बार शेजारच्याच्या पाण्याच्या बाटलीवर पडला होता आणि व्हिडिओ नऊ सेकंदांचाच का, त्याचं कारण तेच आहे.

मयूरीला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या निखिलचं स्थळ आलं. आमच्या घरात डोकं लावायचं काम माझ्याकडे आहे (कोणी दिलेलं नाही, मीच घेतलं आहे). मी ताईला म्हटलं, दोन माणसांचं वजन उचलणारी सून ऐकली तर सासू पायऱ्या उतरायलाही थांबणार नाही, खिडकीतूनच पळेल. तेव्हा पाहुणे यायच्या आधी मयूरीची सगळी पदकं दिवाणात गेली. पोहे संपले आणि होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं, "पोरीले छंद काय आहे म्हणावं?"

"योगा," मी म्हणालो.

मयूरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती उचलायच्या आधी बारकडे पाहते.

पाहुणे गेल्यावर तिनं मला गच्चीवर गाठलं. लग्नानंतर महिन्याभरात तिची मोठ्या स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. "सासरी मी काय चोरून प्रॅक्टिस करू का, मामा? काहून सांगतलं असं?"

मी म्हटलं, आधी लग्न होऊ दे, मग हळूच सांगू. ती तशीच जिना उतरून गेली, आणि ते मला जास्त लागलं. पण खोटं एकदा मांडलं की त्याची उठबस करावी लागते. विहीणबाईंचे गुडघे दुखायचे. त्या मला फोन करून विचारू लागल्या, मयूरी कोणती आसनं करते ते सांगा. मी दोन सांगितली. त्यातलं दुसरं मी फोनवरच तयार केलं.

लग्न मे महिन्यात, लॉनवर. कूलर विमानासारखे आवाज करत गरम हवा फेकत होते. हार घालायची वेळ आली आणि रिवाजाप्रमाणे निखिलच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. निखिल आधीच सहा फूट. आता तो मांडवाच्या झुंबरापाशी गेला. अशा वेळी नवरीला मामानं उचलायचं असतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कोटाची बटणं सोडली. शंभर उचलणाऱ्याला बासष्ट म्हणजे काय?

"मामा, राहू द्या," मयूरी पुटपुटली. "उतरतीलच ते आता."

मी ऐकलं नाही. आता फरक सांगतो. बारला पकडायला जागा असते. बारला शालू नसतो, त्याला जरीचे काठ नसतात, आणि उचलताना बार खुदकन हसत नाही. मी मयूरीला गुडघ्यांपाशी कवेत घेतलं, वर खेचलं, ती फूटभर उठली, आणि कट् असा आवाज झाला. मला वाटलं मांडवाचा बांबू गेला. बांबू शाबूत होता.

मयूरी अलगद उतरली. मी मात्र तसाच राहिलो, कमरेत वाकून, दोन्ही हात पुढे, जणू अदृश्य पाहुण्यांना पाटावर बसवतो आहे. पुरोहित घड्याळ दाखवू लागले. निखिलचे चार मित्र त्याला खाली ठेवून माझ्याकडे आले आणि मला कुठून धरायचं यावर त्यांचा वाद सुरू झाला. एकानं खांद्याला हात लावला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मंगलाष्टकात बसणारं नव्हतं.

मयूरीनं हातातला हार ताईकडे दिला. पदर कमरेला खोचला. पाय रोवले, पाठ सरळ केली. (ही पाठ पाहा, असं मला त्याही अवस्थेत वाटलं.)

मी कळवळून म्हटलं, "बाई, आपण योगा सांगतलं आहे."

"श्वास सोडा, मामा."

एक हात माझ्या गुडघ्यांमागे, एक पाठीमागे, आणि चौऱ्याऐंशी किलोचा मामा सूट-बुटासह उचलला गेला. मी मुळात खुर्चीच्याच आकारात होतो, त्यामुळे तिला सोपं गेलं असावं. चार पावलं चालून ती नवरा-नवरीच्या सोफ्यापाशी पोचली. आणि ठेवेचना! सवयीचा परिणाम. खूण झाल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. ती ताठ उभी, मी तिच्या हातांवर, समोर तीनशे पाहुणे, आणि फोटोग्राफर ओरडून राहिला होता, मामा, इकडे पाहा.

शेवटी पहिल्या रांगेतून विहीणबाई उठल्या आणि त्यांनी हात खाली केला. "ठेव वं आता."

तिनं ठेवलं. विहीणबाई गुडघा सांभाळत मंचावर आल्या.

"मामाजी, हे कोणतं आसन होतं?"

मी डोळे मिटून घेतले. मयूरी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"निखिलनं मले पहिल्याच आठवड्यात सांगतलं होतं," विहीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं मन लावून सांगून राहिले होते, मोडवलं नाही माझ्याच्यानं. फक्त एकशे तीस किलो म्हणजे किती, ते काही समजत नव्हतं. आता समजलं. दीड मामा." मग मयूरीचा पदर नीट करत म्हणाल्या, "प्रॅक्टिस सोडू नको वं बाई. चाचणीले मी येईन सोबत."

मयूरी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, पण माझं कारण कमरेत होतं.

त्या घरात तेव्हापासून वजन किलोत मोजत नाहीत. फ्रीज पाऊण मामा, कूलर अर्धा मामा. मला डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि रोज सकाळी योगा करायला सांगितलं आहे. हो, योगाच. चाचणीत मयूरीनं एकशे पस्तीस उचलले, निवड झाली, आणि विहीणबाईंनी तिथूनच मला फोन करून निकाल कळवला. "पावणेदोन मामा!"

हिशेब मी करून पाहिला, बरोबर आहे. माझे तोवर सात किलो उतरले होते (ते मी विहीणबाईंना फोनवर सांगितलंच होतं). पोरीनं वाढवले फक्त पाच किलो. वाढलेल्या पाव मामातला बाकीचा वाटा मी स्वतः मेहनतीनं मिळवून दिला आहे.