बुटकी गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी निवृत्तीनंतर जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. ती मेली दर आठवड्याला गॅरेजात, आणि पेट्रोल पिते ते वेगळंच. "या वयात काय हे खूळ!" असं मीही म्हणाले होते.

गाडी इतकी बुटकी, की काकूंना त्यातून उठताच येत नाही. मग काका वळसा घालून येतात, दार उघडतात, दोन्ही हात पुढे करतात. चारचौघांत कधी हातात हात न घेतलेली ही दोघं क्षणभर तशीच उभी राहतात. आम्ही सोयीच्या गाडीवाले आपापल्या दारानं उतरतो आणि चालू लागतो.

काल काका म्हणाले, "तुला त्रास होतो, ही विकून उंच गाडी घेऊ."

काकूंनी हात सोडला नव्हता. "नको हो. उंच गाडीतून मग मी एकटीनंच उतरायचं?"